सोमवारचा हात

अनसूयामावशींचा हात टाचेवर होता, तेव्हा माझा हात पायाच्या अंगठ्यावरून सुटूनही गेला होता. अंतर जेमतेम चार बोटांचं. तेलानं चकाकणाऱ्या त्या दोन पावलांकडे पाहिलं तर एका पावलावर कुणाचाच हात नव्हता आणि दुसऱ्यावर अजून होता, एवढाच काय तो फरक. पण आमच्या कामात तेवढा फरक म्हणजे दोन माणसं. आणि दोन माणसं वाटू न देणं हेच आमचं काम होतं.

वाईच्या बाहेर, धोमच्या रस्त्याला असलेल्या त्या पंचकर्म केंद्रात अभ्यंग दोघींनी मिळून करायची पद्धत होती. मधोमध द्रोणी, म्हणजे कडेनं पन्हळ असलेला, माणूस मावेल एवढा लांब लाकडी पाट. त्यावर एखादी बाई पालथी झोपलेली. एका बाजूला अनसूयामावशी, दुसऱ्या बाजूला मी. खांद्यापासून बोटांपर्यंत, कमरेपासून तळव्यापर्यंत आमचे हात एकाच वेळी निघायचे, एकाच वेळी पोचायचे आणि एकाच वेळी सुटायचे. बोलायचं नाही. स्वतःच्या हाताकडे बघायचं नाही, समोरचीच्या खांद्याकडे बघायचं. नीट जमलं की पाटावरची बाई उठून बसायची आणि म्हणायची, "अय्या, दोघी होतात? मला वाटलं एकच कुणीतरी आहे."

"चार हातांची," मावशी म्हणायच्या. "पाया पडा आता, देवीच हाय मी."

त्या सोमवारी पाटावर पुण्याच्या एका बँकेतल्या बाई होत्या. पाठ धरते म्हणून आठवडाभर राहायला आल्या होत्या. चादर अंगाभोवती घेत त्या उठल्या आणि चहात साखर कमी आहे हे सांगावं इतक्या सहज म्हणाल्या, "आज मला दोघी आहात हे कळत होतं हं."

मावशी हात पुसत होत्या. त्या पुसायच्या थांबल्या, मग पुन्हा पुसू लागल्या. या वेळी देवीचं काही बोलल्या नाहीत.

मला ते नवीन नव्हतं. दोन महिने मी ते बघत होते. मी भौतिकशास्त्र शिकलेली बाई. कराडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्रयोगशाळेत मुलांकडून लंबक मोजून घ्यायचे. ते काम सुटलं तेव्हा या केंद्रात स्वागतकक्षात बसायला म्हणून आले. मावशींची जोडीदारीण लग्न होऊन गेली, तेव्हा वैद्यांनी मला तात्पुरतं आत उभं केलं, आणि मी आतच राहिले. पण मोजायची सवय गेली नव्हती. मावशींचा हात मागे राहतोय हे लक्षात आल्यावर कधी राहतो ते मी बघू लागले. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, शनिवारी तर मुळीच नाही. फक्त सोमवारी.

कारणही मला सापडलं होतं. रविवारी केंद्र बंद असे. मावशी केंद्राच्या मागच्या खोलीतच राहत, पण रविवारी सकाळी पिशवी घेऊन वाठारकडच्या त्यांच्या गावी जात आणि संध्याकाळी परत येत. गावी मुलगा, सून, नातवंडं. शेत. तिथं त्या दिवसभर राबत असणार, आणि सोमवारी हात उचलत नसणार. निरीक्षण, कारण, निष्कर्ष. वहीत लिहायचं तेवढं बाकी होतं.

दुपारी वैद्य कुंट्यांनी मला बोलावलं. पन्नाशीचे, बुटके, मिश्कील गृहस्थ. समोर काढ्याचा पेला ठेवूनच बोलायचे आणि तो कधी प्यायचे नाहीत.

"सुलक्षणाबाई, मागे कोण पडतंय?"

मी पेल्याकडे बघत राहिले.

"म्हणजे मावशी."

"मी तसं म्हटलं नाही सर."

"तुम्ही काहीच म्हटलं नाहीत, म्हणून तर मला कळलं. शिवाय मघाशी त्या स्वतःच येऊन सांगून गेल्या. हात जड झालाय म्हणाल्या."

"फक्त सोमवारी होतं सर," मी घाईनं म्हटलं. "रविवारी त्या गावी जातात. तिथं काम पडत असेल."

"वा! म्हणजे मी सुट्टी देतो आराम करायला आणि त्या जातात खुरपायला." ते हसले, पण फार वेळ नाही. "हे बघा, वाफेच्या पेट्यांकडे लक्ष द्यायला मला माणूस लागतंच. काम हलकं आहे. मावशींना तिकडे बसवतो. तुमच्यासमोर ती नवी रेश्मा उभी करू."

"रेश्माला अजून येत नाही."

"येईल. तुम्हाला तरी कुठं येत होतं?" मग जरा थांबून म्हणाले, "अन्याय नको व्हायला. मी स्वतः झोपून बघितलं असतं, पण बायकांच्या खोलीत मला येता येत नाही. तुम्ही झोपा पाटावर. एका बाजूला मावशी, एका बाजूला रेश्मा. बाहेर येऊन मला सांगा कुणाचा हात कसा आहे. तुम्ही सांगाल ते मी ऐकेन."

"मी?"

"चार वर्षांत कधी करून घेतलंय का?"

"नाही."

"हलवायाच्या दुकानात राहून उपाशी!" ते म्हणाले. "पुढच्या सोमवारी, सकाळी पहिल्यांदा तुमचंच. सोमवारीच मागे पडतात ना?"

मावशी तेलाच्या खोलीत होत्या. पातेल्यातल्या पाण्यात तेलाची कासंडी ठेवून ती गोल फिरवत होत्या, म्हणजे तेल सगळीकडून सारखं तापावं.

"काय म्हणले सर?"

"पुढच्या सोमवारी मी पाटावर. तुम्ही आणि रेश्मा."

"तुमी?" त्या मोठ्यानं हसल्या. "मग गुदगुल्याच करते बगा. चार वरसं नुसती शिस्त लावलीया मला. असं वळा, तसं उबं ऱ्हावा."

मी हसले. त्यांनी कासंडी बाहेर काढून तेलाचा थेंब मनगटावर घेतला, तान्ह्या बाळाचं दूध बघतात तसा.

"मला वाफंकडं बसवनार हाईत न्हव का?"

"तसं काही ठरलं नाही, मावशी."

"ठरू द्या की. काम हलकं हाय, मला बी कळतंय. पन ताई, त्या पेटीत मानूस आत असतंय. नुसतं डोस्कं भायेर. घाम पुसायचा कपाळावरचा, बास. हात लावायला काय न्हाईच." त्यांनी थेंब दोन्ही तळव्यांवर चोळला. "दिसभर नुसतं बसायचं आन बघायचं. त्ये तर मी बसतेच की."

कुठं बसता, असं विचारायला हवं होतं. पण बाहेरून घंटी झाली आणि आम्ही आत गेलो. मंगळवारपासून पुढचा सगळा आठवडा आमचे हात बरोबर पडले. मावशी निर्गुडीचा पाला गरम करून मनगटाला बांधून झोपत होत्या, हे मला रेश्माकडून कळलं.

मी वाईत गद्र्यांच्या माडीवर खोली घेऊन राहत होते. रविवारी अकराच्या सुमाराला खाली फोन वाजायचा आणि गद्रेकाकू जिन्यातून हाक मारायच्या, "सुलक्षणा, मस्कत!" जणू ते शहरच दारात येऊन उभं राहिलंय.

काकू फोन हातात देऊन स्वयंपाकघरात जायच्या आणि तिथं फोडणीचा आवाजही होऊ द्यायच्या नाहीत.

"काय करत होतीस?" यजमानांचा आवाज नेहमी दमल्यासारखा यायचा. ते तिथं एका कंपनीच्या गोदामावर देखरेखीला होते.

"काही नाही. कपडे भिजवले होते."

"तब्येत?"

"बरी आहे. तुमची?"

"इथं काय, गरम."

मग थोडा वेळ तारेतला सूं सूं आवाज. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि त्यातले एकत्र काढलेले दिवस सगळ्या रजा मिळवूनही वर्षभराचे भरले नसते. भांडण कधी झालं नाही. भांडायला तेवढी ओळख लागते.

"आईनं वरची खोली रिकामी केलीय," त्या रविवारी ते म्हणाले. "पाडव्याच्या आत तू सामान घेऊन कराडला येतेस, असं मी सांगून टाकलंय तिला."

"मी कुठं म्हटलं तसं?"

"नाही असं तरी कुठं म्हटलंस?"

ते खरं होतं.

"सुलू, किती दिवस लोकांची अंगं चोळणार? बी.एस्सी. झालेली बाई तू. इथं मी सांगतो की बायको औषधांच्या कंपनीत आहे. कुणी जास्त विचारलं तर मला पुढे काही सुचत नाही."

"सांगा ना मालिश करते म्हणून."

"असं कसं सांगू?"

"मागच्या खेपेला कराडला गेले तेव्हा सासूबाईंनी मला आधी आंघोळ करून मग स्वयंपाकघरात यायला सांगितलं होतं."

"जुन्या वळणाची आहे ती. तू मनावर घेऊ नकोस."

"तुम्ही कधी येणार?"

"करार संपला की. अजून दोन वर्षं धर."

मागच्या वर्षीही दोनच धरायला सांगितली होती.

"मग कराडला मी कुणाकडे येऊ?"

"म्हणजे काय? घरी ये. आई आहे, बाबा आहेत. एकटी राहण्यापेक्षा बरं नाही का? तुलाही सोबत." ते मनापासून म्हणत होते. वाईट माणूस नव्हताच तो. "मग काय ठरवलंस?"

"बघते."

"बघते म्हणजे हो का?"

"बघते म्हणजे बघते."

फोन ठेवल्यावर काकूंच्या फोडणीचा आवाज झाला. मी वर आले. कपडे धुतले. स्टोव्ह घासला. फळीवरची भांडी उतरवून फळी पुसली आणि भांडी पुन्हा लावली. जिना झाडायला घेतला तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, काल बाई झाडून गेली ना." मी तरी झाडला. दुपारी पिठलं केलं आणि ओट्यापाशी उभ्यानंच खाल्लं. संध्याकाळी दिवा लावताना पाहिलं, तर बोटांची अग्रं पाण्यानं सुरकुतली होती आणि करायला काही उरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी कपडे उतरवून पाटावर पालथी झोपले.

चार वर्षं मी बायकांना सांगत आले होते की हनुवटी टेकवा, हात बाजूला सैल सोडा. आता ते मला जमेना. गालाखाली लाकूड गार होतं. तेल ओतल्याचा आवाज मला माहीत होता, पण पाठीमागून तो अगदी वेगळा ऐकू येत होता. मानेखाली पहिला तळवा पडला तसं माझं सगळं अंग दचकून वर आलं.

"अंग सोडा ताई," मावशींचा आवाज आला. "न्यायला न्हाई आले मी."

रेश्मा खुदकन हसली.

"हसू नगं. हात ठेव तू."

मला आठवेना, या आधी पाठीवर कुणाचा हात कधी पडला होता. यजमान रजेवर येऊन गेले त्याला दोन वर्षं होत आली होती. मधल्या काळात डॉक्टरांनी एकदा नाडी बघितली होती, बांगडीवाल्यानं बांगड्या भरल्या होत्या. मी रोज आठ-दहा अंगांना हात लावत होते, पण तो हात लावणं होतं. लावून घेणं ही अगदी निराळी गोष्ट असते हे मला पुस्तकातून कळायला हरकत नव्हती, पण कळलं नव्हतं.

थोड्या वेळानं मी मुद्दाम स्वतःला कामाची आठवण करून दिली. मला निर्णय द्यायचा होता. उजवीकडे रेश्माचा हात होता, भ्यालेला, भराभर सरकणारा. डावीकडे मावशींचा. मी वाट बघत राहिले की तो मागे राहील. सोमवार होता.

तो मागे राहत नव्हता. खांद्यावरून निघून तो बोटांशी पोचायचा तेव्हा माझा श्वास संपलेला असायचा. कमरेवरून निघायचा आणि तळव्याशी सुटायचा, तेव्हाही श्वास नेमका संपायचा. मला वाटलं हा योगायोग असेल. म्हणून मी एकदा श्वास लांबवला. हात पोटरीवर मंदावला, माझा श्वास पुरता बाहेर जाईपर्यंत थांबला, आणि मगच पुढे गेला. मी श्वास आखूड केला. हात लगेच पोचला. तिसऱ्यांदा मी मधेच श्वास रोखून धरला.

"काय चाललंय?" मावशी म्हणाल्या. "नीट घ्या की श्वास. मला वाट बघाया लागतीय."

या हातात जडपणा नव्हता. थकवाही नव्हता. हा हात पाटावरच्या माणसाबरोबर चालत होता, नेहमी चालत असणार, सोमवारीसुद्धा. मग दोन महिने चार बोटांचं ते अंतर कुठून आलं? अंतर तर खरं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी ते माझ्या हातापासून मोजलं होतं. माझा हात बरोबर आहे की नाही, हे बघायचं मला सुचलंच नव्हतं. लंबक मोजणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी काय सांगायचे? आधी आपलं घड्याळ तपासा.

नंतर न्हाणीघरात मावशींनी मला एका छोट्या पाटावर बसवलं आणि डाळीचं पीठ लावून पाठीवरचं तेल काढू लागल्या. रेश्माला त्यांनी द्रोणी पुसायला पाठवलं होतं.

"किती मागं पडले?" त्यांनी विचारलं. माझ्या मागे होत्या, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता.

"नाही पडलात."

"माझ्यासाठी खोटं नगा बोलू ताई. मला बी दिसतंय की. तुमचा हात सुटून जातो आन माझा आपला तितंच. वय झालं, दुसरं काय. बांधून बगितलं, शेकून बगितलं."

"मावशी, रविवारी गावाला फार काम पडतं का?"

पाठीवरचा हात थांबला.

"कंच्या गावाला?"

"तुमच्या. वाठारला जाता ना दर रविवारी."

त्यांनी तांब्या भरून माझ्या पाठीवर पाणी ओतलं.

"वाठारला जाते. गावाला न्हाई जात." त्या साधेपणानं बोलत होत्या, कुणा तिसरीचं सांगावं तसं. "गेल्या दिवाळीपासनं. सुनेनं सांगितलं, घर ल्हान हाय, पोरांचा अभ्यास असतोय. खोटं न्हाई, ल्हानच हाय. मग काय करायचं? खोलीत बसलं तर समदी इचारत्यात, मावशी आज गेल्या न्हाईत का. म्हनून पिशवी घ्यायची, वाठारच्या गाडीत बसायचं, तितं उतरून च्या प्यायचा आन परतीच्या गाडीत बसायचं. कंडाक्टर वळखतोय आता. खिडकीची जागा धरतो माझ्यासाठी, पन मी न्हाई बसत तितं."

"का?"

"मदी बसते. दोनी बाजूला मानूस असतंय मग." त्या हसल्या. "गर्दी असली का लई बरं वाटतं. येका म्हातारीला तर झोप लागली, माझ्या खांद्यावर डोस्कं टाकून झोपली पार वाईपातूर. मी हलले बी न्हाई."

मावशी आता नाहीत, त्यालाही बरीच वर्षं झाली. पण एस.टी.त मधल्या जागेवर न हलता बसलेल्या मावशी मला अजून दिसतात, मी त्यांना तशा कधी पाहिलेलं नसूनही. त्या तिकडे बसलेल्या असायच्या तेव्हा इकडे वाईत मी माडीवर पुसलेली फळी पुन्हा पुसत असायचे.

"कुनाला सांगू नगा."

"नाही सांगणार."

"मग रविवारी तुम्ही दमत नाही," त्यांनी पुन्हा पाणी ओतलं तेव्हा मी म्हटलं.

"बसून का कुनी दमतंय? वळा इकडं, म्होरलं तुमचं तुमी धुवा."

त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. मी भराभर पाणी घेऊ लागले, आणि मग माझं मलाच ते दिसलं. रविवारी मावशी दमत नव्हत्या. रविवारी मी दमत नव्हते, थांबतच नव्हते. फोन ठेवल्यावर सुरू झालेले हात सोमवारी सकाळीही सुरूच असायचे. पाटावरच्या बाईचा श्वास संपण्याआधी मी तिच्या पायावरून सुटलेली असायचे. मंगळवारपर्यंत ते निवत असणार. आणि दोन महिन्यांपूर्वी काय झालं होतं हेही मला मोजायची गरज नव्हती. वरची खोली रिकामी करायचं कराडला ठरल्याचं यजमानांनी फोनवर तेव्हाच सांगितलं होतं.

केस ओलेच होते. तशीच वैद्यांकडे गेले.

"बोला. मावशी?"

"मावशींचा हात बरोबर आहे सर. त्यांना पेट्यांकडे पाठवू नका."

"सोमवार असूनही?"

"सोमवार असूनही. त्या मागे पडत नाहीत. मी पुढे जाते."

त्यांनी काढ्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "त्या तर स्वतः म्हणतात हात जड झालाय."

"माझ्याकडे बघून त्यांना तसं वाटलं. मलाही माझ्याकडे बघूनच वाटलं."

"हं." त्यांना राग आला नव्हता, ते विचार करत होते. "पण अंतर तर राहतंच ना? मागे कोण आणि पुढे कोण, ते आपण दोघं ठरवतोय. पाटावरच्या बाईला दोन माणसं कळतात ती कळतातच. मग मी असं करतो, तुम्हालाच पेट्यांकडे बसवतो. रेश्मा मावशींच्या हाताखाली तयार होईल."

त्यांचं चुकत नव्हतं.

"कारण माहीत आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"औषधाचं आहे?"

"नाही."

"मग मी विचारत नाही. तुमच्या हातातलं असेल तर दूर करा, आणि पुढच्या सोमवारी उभ्या राहा मावशींसमोर. नसेल तर तसं येऊन सांगा, पेट्यांची किल्ली देतो."

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी एका शिक्षिकेला अभ्यंग केला. मी मावशींच्या खांद्याकडे बघत होते आणि शिक्षिकेच्या श्वासाकडे कान देत होते. तरी हात दोनदा पुढे गेला. दोन्ही वेळा मावशींनी नजर उचलली नाही, फक्त आपला हात जरा लवकर पुढे आणला. माझी चूक झाकायला त्या स्वतःचा बरोबर हात बिघडवत होत्या, आणि चूक आपलीच आहे असं समजून.

केंद्रातून सुटल्यावर मी खोलीवर गेले नाही. वाईच्या स्टँडसमोर एक टेलिफोन बूथ होता, काचेच्या दाराचा. आत आधीच एक माणूस कुणाला तरी गुळाचा भाव ओरडून सांगत होता. मी बाकड्यावर बसले. समोर वाठारची गाडी लागली, भरली आणि गेली. माणूस बाहेर आला. आपण परत जावं असं मला वाटलं, कारण रविवारी फोन येणारच होता, तेव्हाही बोलता आलं असतं. गेले दोन महिने मी हेच म्हणत आले होते.

यजमान राहत तिथला नंबर मी आजवर एकदाच फिरवला होता, सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी. बराच वेळ घंटी वाजली. कुणीतरी परभाषेत काही बोललं, मग पावलं वाजली.

"सुलू? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरेच असतील. तसं काही नाही."

"मग आज कसा? आज सोमवार."

"तुम्ही काल विचारत होतात, काय ठरलं म्हणून."

"हां, हां." त्यांचा आवाज एकदम हलका झाला. "बोल ना. आईला कळवायचं आहे मला. टेम्पो सांगावा लागेल, की सामान थोडकंच आहे?"

काचेबाहेर एक बाई बाकड्यावर येऊन बसली होती आणि माझं संपायची वाट बघत होती. तारेत नेहमीचा सूं सूं आवाज होता. 'बघते' हा शब्द माझ्या तोंडात तयार होता, मी तो तिथंच ठेवला.

"सुलू? ऐकू येतंय का?"

"येतंय."

"मग पाडव्याच्या आधी येतेस ना?"

"अहो, मी कराडला येणार नाही. पाडव्याच्या आधी नाही, नंतर नाही, आणि तुमचा करार संपून तुम्ही आलात तरीही नाही."